पावडरीचा वार

हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. तमाम ग्रामस्थ, पाहुणेमंडळी, माताभगिनी आणि लहानथोर यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, दिवाळी सरून आठवडा उलटला असताना एका सकाळी, दात घासता घासता, रंगनाथ स्पीकरवाले यांचे दोन्ही डोळे पिवळे झालेले आढळले. सदर डोळ्यांचा मूळ रंग कुणाला सापडल्यास तो मंडपाच्या उजव्या अंगाला, सनईवाल्यांच्या शेजारी आणून द्यावा.

हरवलेल्या चपला, चुकलेली पोरं, रुसलेले व्याही या सगळ्यांच्या घोषणा मी याच आवाजात पंचवीस वर्षं करत आलो आहे. माझा धंदा स्पीकरचा. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, एक माइक आणि देवानं दिलेला गळा. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत ज्यांच्या लग्नात मी बोललो नाही त्यांची लग्नं झाली असतील, पण लोकांच्या लक्षात राहिली नसतील. आमचं गाव भिगवणहून बारामतीकडं येताना रस्त्यापासून थोडं आत आहे. गावाचं नाव लिहीत नाही. गावानं परवानगी दिलेली नाही.

दवाखान्यातल्या एका सिस्टर म्हणाल्या होत्या, "एवढं बोलता, तर लिहून काढा. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून लिहितो आहे. यात गोळ्यांची नावं नाहीत, ती मला तेव्हाही कळली नव्हती. काविळीत माणूस निजून असतो म्हणतात. मी निजलो नाही. ते का, ते आता सांगतो, आणि त्यासाठी थोडं मागं, गणपतीपर्यंत, जावं लागेल.

नक्कल

आमच्या गावाला पाण्याची टाकी आहे. ओढ्यापलीकडच्या विहिरीतून मोटारीनं पाणी टाकीत चढतं आणि रोज संध्याकाळी नळाला सुटतं. हे सगळं सांभाळणारा माणूस म्हणजे बबन. ग्रामपंचायतीचा पाणीवाला. एवढा कमी बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रोज दुपारी तो बादलीत पांढरी टीसीएल पावडर कालवायचा, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी घेऊन टाकीच्या शिडीनं वर जायचा आणि आत ओतायचा. जंतू मरायचे. आणि पाण्याला वास यायचा.

या वासाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सोपानतात्या. तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. वाटेत शंभर ओढे, शंभर डबकी. कळपाला कुठलं पाणी पाजायचं हे तात्या नाकानं ठरवायचे. वास आला की पुढं चला. त्या नाकाच्या भरवशावर त्यांनी कळप जगवला होता. आता मेंढरं गेली, ऊस आला, पण नाक तेच.

"मेंढरू तोंड लावनार न्हाय असलं पानी आमाला पाजतूस व्हय रं बबन्या?" तात्या पारावरून ओरडायचे. "चहा प्यावा तर दवाखान्यात बसल्यागत वाटतंय!"

गाव तात्यांच्या बाजूनं. मीही. आणि मला तर नवी नक्कल हवीच होती.

गणपतीत देवळापुढं माझा कार्यक्रम असतो. त्या वर्षी मी बबनची नक्कल केली. हातात बादली, तीर्थाच्या तांब्यासारखी धरलेली. खुर्ची म्हणजे शिडी. एकेक पायरी चढताना मंत्र म्हणायचा, वर पोचल्यावर चिमूटभर भुकटी टाकायची आणि खाली वाकून ओरडायचं, "घ्या गं बायांनो, आंघोळीला, चहाला, वरणाला, एकच मसाला!" मग चहा पिणारे तात्या. मग चहा पिऊन बेशुद्ध पडलेले तात्या. मग त्यांना शुद्धीवर आणायला तोच चहा.

माणसं गडाबडा लोळली. तात्यांनी स्वतः टाळी दिली. बबन मागं उभा होता. तोही हसला. मी बघितलं ना, हसला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो शिडी चढला नाही.

वार

अगदीच चढला नाही असं नाही. दर मंगळवारी आरोग्य केंद्रातून नर्सबाई येत. टाकीखालच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायच्या आणि त्यात औषधाचे थेंब सोडायच्या. पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर आहे, पाणी चांगलं. पांढरंच राहिलं म्हणजे लिहून घ्यायच्या. बबन मंगळवारी सकाळी पावडर टाकायचा. नळी पिवळी. बाई खूश. गाव खूश. बुधवारी संध्याकाळपर्यंत वास गेलेला असायचा, तो पुढच्या मंगळवारपर्यंत यायचा नाही.

दोन-तीन आठवड्यांत सगळ्या गावाला हे कळलं. मग बायांनी काय करावं? सोमवारी संध्याकाळी नळाला पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. हंडे, कळश्या, परात, लग्नातली घंगाळं. मंगळवारचं पाणी नुसतं धुण्याला. एकादशीला भात शिजत नाही तसं मंगळवारचं पाणी कुणी तोंडात घेत नसे. या दिवसाला 'पावडरीचा वार' म्हणायला लागले. हे नावसुद्धा मीच ठेवलं. फार चाललं.

आठवड्यातला एकच दिवस गावात पिण्याजोगं पाणी यायचं, आणि त्या एका दिवसाचा आम्ही उपास करायचो.

निदान

डोळे पिवळे झाले तेव्हा मी आधी एका जाणत्याकडं गेलो. तो चुन्याच्या पाण्यात हात धुवून कावीळ उतरवायचा. त्यानं माझे हात चोळले, पाणी पिवळं झालं, तो म्हणाला, "बघा, किती निघाली." तीन दिवस निघाली. चौथ्या दिवशी मला वरणाचा वास आला तरी उलटी व्हायला लागली आणि शोभाच्या आईनं मला बारामतीच्या एसटीत बसवलं.

शोभाची आई म्हणजे माझी बायको. शोभा आमची एकुलती एक. कन्हेरीला दिलेली. दिवाळीला आली होती आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून राहिली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला खिडकीपाशी नेलं, खालची पापणी ओढली, पोट दाबलं. तरुण माणूस, माझ्यापेक्षा कमी बोलणारा. रक्ताचा कागद आल्यावर म्हणाले, "कावीळ आहे. पाण्यातून येते ही. विश्रांती घेतलीत, पथ्य पाळलंत तर उतरेल."

मी सुटलो. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, म्हणजे माइक हातात धरायला किती दिवस?"

ते हसले नाहीत. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे?"

"मुलगी आहे. सातवा."

पेन थांबलं. "तेच पाणी पिते?"

"गावातच आहे. दुसरं कुठलं पिणार?"

"मग तिला जपा," ते म्हणाले. "तुम्हाला अंथरूण धरायला लावेल ही. गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. उकळलेल्या पाण्याशिवाय तिला एक घोट देऊ नका."

माझ्या आयुष्यात हजार माणसांनी माझ्यापुढं टाळ्या वाजवल्या आहेत, पण असं काही ऐकलं की काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं." दाखल झालो. सुई टोचली, सलाईन सुरू झालं, आणि त्या नळीतून एकेक थेंब पडताना बघून मला नर्सबाईंची काचेची नळी आठवली. मग बादली आठवली. मग खुर्चीवर चढलेला मी.

वॉर्ड

सकाळी सहाला झाडू. सातला चहा, बिनदुधाचा. आठला सिस्टर, नऊला डॉक्टर, मग सलाईन, मग मऊ भात, मग काही नाही. त्या काही नाहीचं काय करायचं हे मला कळेना. आजारी माणूस पडून राहतो. मी सलाईनचा दांडा धरून वॉर्डभर फिरायचो. खिडकीपासून दारापर्यंत बावीस पावलं. दारापासून खिडकीपर्यंत तेवीस, कारण परत येताना पाय ओढायचे.

शेजारच्या खाटेवर भिगवणचा एक मासळीवाला होता. त्यालाही कावीळच. तेल बंद, मासे बंद. तो माझ्याहून दुःखी.

"रंगराव, बसा की जरा," तो म्हणायचा. "तुमाला बघून माझं मासं जाळ्यात तडफडत्यात तसं वाटतंय."

त्यानं मला मोसंबी सोलून दिली. आठ दिवस रोज दोन. मला सोलायला जमत नसे, हाताला सुई होती. अशा गोष्टी लोक विसरतात, म्हणून लिहून ठेवली.

पण मोसंबी तोंडात, आणि डोक्यात नळ. आता सहा वाजले, पाणी सुटलं असेल. शोभा हंड्यावर तांब्या बुडवत असेल. मी आमच्या मार्गावरच्या कंडक्टरकडं निरोप धाडला: शोभाला उकळलेलं पाणी द्या, नाहीतर कन्हेरीला पोचवा. का, ते सांगितलं नाही.

रविवारी शोभाची आईच आली. डबा खाली ठेवायच्या आत सुरू झाली.

"निरोप आला. कन्हेरीला पोचवा म्हनं! पहिलं बाळंतपन हाय तिचं. निम्म्यातनं पोरगी माघारी धाडली तर कन्हेरीकर काय म्हनतील? आईबापाला जड झाली म्हनतील."

"म्हणू देत. डॉक्टर म्हणालेत…"

"आन् उकळल्यालं पानी आजाऱ्याला असतंय. धडधाकट पोरीला पाजलं तर आळीतल्या बाया म्हनतील, हिला बी लागली कावीळ. बापाची हाय, पोरीची हाय. मग कोन शिवंल तिला?"

"अगं, ते पाणी वाईट आहे."

"समद्या गावाला चालतंय ते तुमच्या पोरीलाच कसं वाईट? आन् कोन म्हनतंय वाईट? वास तरी येतोय का त्याला?"

वास येत नव्हता, हेच तर खरं होतं. आणि तो का येत नव्हता हे सांगायचं तर नकलेचं सांगावं लागलं असतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं सांगण्यासारखी गोष्ट होती आणि मी ती गिळली.

ती डबा उघडता उघडता म्हणाली, "सोपानतात्याची थोरली सून बी पिवळी पडली. सहावा हाय तिला. काल पुन्याला नेली."

मी भाताचा घास तसाच ठेवला.

एसटी

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी डॉक्टर येऊन गेले, दुपारी सलाईन उतरलं, सुई हातातच ठेवली आणि वर चिकटपट्टी लावली. मी खाटेवर बसलो आणि हिशेब केला, दिवसाचा. आज सोमवार. आज संध्याकाळी सगळं गाव दोन दिवसांचं पाणी भरून ठेवणार. त्यात तात्यांची दुसरी सून, त्यात आमची शोभा.

मासळीवाल्याला म्हटलं, "जरा खाली जाऊन येतो."

"चपला घालून जा," तो म्हणाला. त्याला कळलं होतं.

बारामतीचा स्टँड दवाखान्यापासून लांब नाही, पण त्या दिवशी लांब होता. अंगात दवाखान्याचा झगा, खाली माझं धोतर, हाताला पट्टी. भिगवणची गाडी लागलेली. कंडक्टर ओळखीचा निघाला. त्याच्या भावाच्या लग्नात आहेर मी पुकारले होते. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"रंगराव, डोळं लई पिवळं दिसत्यात. कुनाच्या हळदीवरनं आलाय काय?"

"माझ्याच," मी म्हटलं.

गाडी हसली. मीही हसलो. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मला त्याचं फार नवल वाटलं. पोटात कळ, डोळ्यांपुढं अंधारी, आणि टाळी मिळाली की तोंड आपोआप हसतं. हाही एक रोगच असावा.

फाट्यावर उतरलो आणि गावाकडं निघालेल्या दुधाच्या टेम्पोत बसलो. पाणी सुटायला अर्धा तास होता. नळांपाशी हंड्यांच्या रांगा लागल्या होत्या, सोमवारच्या असतात तशा लांबलचक. मी घरी गेलो नाही. देवळाच्या खोलीत माझा सेट असतो. कुलूप उघडलं, वायर जोडली, माइक घेतला. भोंगा टाकीकडंच तोंड करून होता.

"हॅलो," मी म्हटलं.

घोषणा

काय बोललो ते मला नीट आठवतं, कारण लोकांनी नंतर मला ते अनेकदा ऐकवलं. मी म्हटलं, "ग्रामस्थहो, हे पाणी पिऊ नका. यात कावीळ आहे. ही कावीळ गावात मी आणली. बबनची नक्कल करून मी आणली. पावडर टाका, उकळा, पण हे पिऊ नका."

रांगेतल्या माना देवळाकडं वळल्या. मग एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळी रांग.

मी देवळाच्या पायरीवर आलो, माइकची वायर ओढत. म्हणालो, "हसू नका. खरं सांगतोय." त्यावर आणखी हसू फुटलं. बघा ना, झगा घातलेला, पिवळ्या डोळ्यांचा, हाताला पट्टी लावलेला रंगनाथ, कावीळ आपण आणली म्हणून सांगतोय. याहून चांगली सोंगाची तयारी मी आयुष्यात केली नव्हती. एकजण ओरडला, "शिडी चढून दाखवा की रंगराव!" आणि तेवढ्यात नळ सुटला. हंडा लावल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन.

मी काहीतरी बोलत राहिलो. आवाज फुटला होता. आवाज फुटला की लोकांना ते रडण्याचं सोंग वाटतं.

मग गर्दीतून तात्या पुढं आले. ते दुपारीच पुण्याहून परतले होते, हे मला माहीत नव्हतं. पागोटं नव्हतं डोक्याला. ते हसत नव्हते. नळाला पहिला हंडा त्यांच्याच घरचा होता, धाकट्या सुनेनं लावलेला. तात्यांनी तो निम्मा भरलेला हंडा दोन्ही हातांनी उचलला आणि रस्त्यावर पालथा केला.

"ओता," ते म्हणाले. "समदी ओता."

कुणी हसलं नाही त्यानंतर. एका म्हातारीनं विचारलं, "तात्या, सूनबाई कशी हाय?"

"ती हाय," तात्या म्हणाले. "लेकरू न्हाय."

हंडे एकामागून एक पालथे झाले. रस्त्यावरून पाणी वाहत माझ्या चपलांपर्यंत आलं. बबननं नळ बंद केला, बादली कालवली, आणि सोमवार असून शिडी चढला. सगळं गाव खाली उभं राहून त्याच्याकडं बघत होतं. मी मान वर करू शकलो नाही.

घर

शोभा दारातच उभी होती. हातात चहाचा कप.

"अण्णा, काय ह्यो अवतार?"

मी तिला उंबऱ्याबाहेर उजेडात ओढलं आणि पापणी खाली केली, डॉक्टरांनी माझी केली होती तशी. पांढरं. दुसरा डोळा. पांढरा.

"पाणी किती प्यालीस? खरं सांग."

"पानी?" ती हसली. "आल्यापासनं पानी जातंय कुठं? नुस्तं बघितलं तरी मळमळतंय. दिसभर चहा. आई ओरडतीया, काळं पोर होईल म्हनतीया."

शोभाची आई मागून आली. मला बघितलं, कपाकडं बघितलं. मग चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि पाण्याला उकळी फुटेपर्यंत तिथंच उभी राहिली. ज्या चहाची मी गावभर टवाळी केली होती, तो दिवसातून सात वेळा उकळला जात होता म्हणून माझी पोर उभी होती. पण अजून काही सांगता येत नव्हतं. ही कावीळ अंगात शिरून गुपचूप बसते, महिना-दीड महिन्यानं डोकं वर काढते, असं दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात परत गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले. त्याआधी ते मला खूप बोलले. ते इथं लिहीत नाही. बरोबर बोलले.

वाट

मला बरं व्हायला पाच आठवडे लागले. पण माझा आजार तेवढ्यानं संपला नाही. दवाखान्यातून घरी आल्यापासून शोभा बाळंत होईपर्यंत रोज सकाळी सूर्य वर आला की मी शोभाला ओट्यावर उभं करायचो. डावा डोळा, उजवा डोळा, मग नखं. ती म्हणायची, "अण्णा, जनावराचा बाजार हाय का हितं?" आणि तरी डोळे मोठे करून धरायची. ती एखाद्या सकाळी उशिरा उठली की शोभाच्या आईच्या हातातलं काम थांबायचं.

ज्यांच्या घरी हे चाललं असेल त्यांना सांगतो: वाट बघताना हाताला काम द्या. मी नर्सबाई आणि बबन यांच्याबरोबर पाइप शोधत फिरलो. ओढ्याखाली, जिथं सकाळी माणसं परसाकडेला बसतात, नेमका तिथं सांधा फुटला होता. मोटार चालू असली की पाणी बाहेर यायचं. वीज गेली की पाइप रिकामा होताना ओढ्यातलं सगळं आत ओढून घ्यायचा. ते टाकीत चढत होतं, आणि टाकीत पावडर असती तर बहुतेक सगळं मेलं असतं.

सांधा बसवून झाल्यावर बबन ओढ्याच्या काठावर हात धूत बसला. मी शेजारी बसलो.

"बबन," मी म्हटलं, "तू तर हसला होतास त्या दिवशी."

"हसलो," तो म्हणाला. ओले हात झटकत पुढं बोलला. "पोरगी माझी शाळंतनं रडत आली. समदी तिला एकच मसाला, एकच मसाला म्हनत व्हती. म्हनली, दादा, नगा चढू वर. मग न्हाय चढलो."

मी म्हटलं, "आता कधी नक्कल करणार नाही."

"करा की," बबन म्हणाला. "तुमचीच करा. झग्यातली. ती बरी व्हती."

तात्यांनी मला कधी काही म्हटलं नाही. एकदाही नाही. पारावर भेटले की "काय रंगराव" म्हणायचे, पूर्वीसारखं. मी बाजू बदलून जायचो. त्यांच्या सुनेचं नाव मी इथं लिहीत नाही. ती परत आली, हळूहळू हिंडायला लागली, नळावर यायला लागली. माझ्या वाट्याची शिक्षा एवढीच की ती रांगेत असली की मला भोंग्यावर काही बोलता येत नाही.

बारसं

संक्रांतीनंतर शोभा बारामतीत बाळंत झाली. मुलगी. आईचे डोळे पांढरे, पोरीचे काळे, चहाचा काही संबंध नसावा. शोभाची आई दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली, आणि मग मला म्हणाली, "तवाच सांगायचं व्हतं की ओ मला. मी काय तुमाला गिळलं असतं?" मी म्हटलं, "हो."

बारसं गावातच केलं. कन्हेरीकर आले. बबनला मी पुढं बसवला. तो अवघडून बसला. तात्या आले आणि त्यांच्यामागून त्यांची थोरली सूनही आली, हे मला अपेक्षित नव्हतं. शोभानं तिला पाळण्याची दोरी दिली. दोरी धरून सून उभी राहिली, थोडा वेळ नुसतीच, मग हलवायला लागली.

माझ्या हातात माइक होता, बोलायचं बरंच ठरवून ठेवलेलं, पण मी तो बंद करून खाली ठेवला. आत्या पोरीच्या कानाला लागली नाव सांगायला. नुसता दोरीचा आवाज. त्या शांततेत पाण्याचे पेले फिरत होते. तात्यांनी आपला पेला उचलला, सवयीनं आधी नाकापाशी नेला, आणि तसेच थांबले. परत वास घेतला. ज्या नाकानं आयुष्यभर वासाचं पाणी टाळलं, ते नाक त्यांनी तिसऱ्यांदा पेल्यात घातलं. मग ताडकन उभे राहिले, शेजारच्या बाईच्या हातातला पेला काढून घेतला आणि पाळण्याकडं, सुनेकडं बघत सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले,

"थांबा, पिऊ नका कुनी! बबन्या, आज पान्याला वास कसा न्हाय रं?"